ट्रंकेतला गरुड कोणाचा?

युद्धातला सर्वांत फसवा पक्षी म्हणजे गरुड. सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी या भागांतल्या कितीतरी घरांत माळ्यावर पलटणीतली एक काळी ट्रंक असते. तिच्यात पदकं असतात, पेन्शनचे कागद असतात आणि कधी कधी तळाशी, फडक्यात गुंडाळलेला एखादा परका बिल्ला असतो. त्यावर पंख पसरलेला पक्षी दिसला की घरातलं कोणीतरी ठामपणे सांगतं, ‘‘जर्मन आहे. आजोबांनी लढाईतून आणला.’’ असेलही. पण तो इटलीच्या पहाडी सैनिकाच्या टोपीवरचा असू शकतो. पोलंडचा असू शकतो, म्हणजे शत्रूचा नव्हे तर मित्राचा. अमेरिकन असू शकतो. आणि लाल रंगाचा, कापडी असेल तर तो चक्क आपलाच असू शकतो.

बिल्ल्याची गंमत अशी की तो वाचला जावा म्हणूनच बनवलेला असतो. लाखो अनोळखी माणसं एकाच रंगाच्या कपड्यांत उभी केली की कोण कुठल्या तुकडीचा, सलाम कोणाला ठोकायचा, तोफखान्याचा माणूस कोणता आणि दळणवळणाचा कोणता, हे अंगावरच लिहावं लागतं. सैन्य ते रंगात लिहितं, धाग्यात लिहितं, पक्ष्याच्या मानेच्या वळणातसुद्धा लिहितं. ऐंशी वर्षांनी ती माणसं उरलेली नाहीत, पण लिपी शाबूत आहे. ती लावता आली तर बिल्ला कोणाचा एवढंच कळत नाही. आजोबा त्या सुमारास जगाच्या कुठल्या कोपऱ्यात उभे होते तेही कळायला लागतं. मला विचाराल तर हे दुसरं उत्तर जास्त मोलाचं.

म्हणून सुरुवात बिल्ल्यापासून करू नये, आजोबांपासून करावी. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मराठा रेजिमेंटचं नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ असं होतं. त्यामुळे जुन्या कागदांवर १/५, ३/५ असे आकडे दिसतात. ते अपूर्णांक नव्हेत; ‘पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन’ असा त्याचा अर्थ. हा एक आकडा सापडला तर अर्धं काम झालं. ३/५ असेल तर १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती बटालियन एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियन सैन्याशी लढत होती आणि १९४४ मध्ये खुद्द इटलीत जर्मनांशी. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १/५ असेल तर इटलीतलीच सेनिओ नदी, जिथे ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी हेच पदक मिळवलं. २/५ असेल तर उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक. २१ जून १९४२ ला ते शहर जर्मन सेनापती रोमेलच्या हाती गेलं आणि त्या बटालियनचे जवान कैदेत गेले. ४/५ असेल तर ब्रह्मदेशाची सीमा, मणिपुरातलं सांगशाक, समोर जपानी. आजोबा पायदळात नसून खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये किंवा रसदखात्यात असतील तर नकाशा आणखी पसरतो. पण तोब्रुकला कैद झालेल्या माणसाकडे जपानी निशाण आणि सांगशाकच्या माणसाकडे जर्मन गरुड असेल, तर वस्तू ओळखण्याआधी ती हाती कशी आली हे विचारायला हवं.

आता गरुड.

जर्मन भूसेनेचा गरुड सरळ, आडवे पंख पसरून बसतो आणि पायांत पानांचं गोल कडं धरतो. त्या कड्यात हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी स्वस्तिक. तो अंगरख्याच्या उजव्या छातीवर शिवलेला असे. हवाई दलाचा गरुड बसत नाही, तो उडतो. पंख तिरके, अंग झुकलेलं, आणि स्वस्तिक कड्यात नाही तर थेट नखांत. मानेकडेही पाहावं. सैन्याचा गरुड पाहणाऱ्याच्या डावीकडे बघतो. नाझी पक्षाचा गरुड उलट, पाहणाऱ्याच्या उजवीकडे. मान उलटी वळलेला गरुड मिळाला तर तो सैनिकाच्या छातीवरचा नसून पक्षाच्या एखाद्या अधिकाऱ्याचा किंवा कचेरीतला असण्याची शक्यता जास्त. एवढ्याशा मानेवर एवढा मोठा फरक!

यात एक फसगत आहे. इटलीत मिळालेला उडता गरुड पाहून वाटतं की विमान पडलं असेल, वैमानिक सापडला असेल. तसं असेलच असं नाही. जर्मन छत्रीधारी सैनिक हवाई दलाचे भाग होते. विमान सोडून ते पायदळासारखेच खंदकांत लढत, पण अंगावर गरुड हवाई दलाचाच राही. १९४४ च्या मार्चमध्ये इटलीतल्या कॅसिनोच्या पडक्या गावात आणि मठाच्या डोंगरावर चौथ्या भारतीय डिव्हिजनसमोर जे उभे होते ते जर्मनांच्या पहिल्या छत्रीधारी डिव्हिजनचे लोक. जमिनीवर, हातघाईला आलेले. आणि छातीवर उडता पक्षी.

त्याच कॅसिनोवर १८ मे १९४४ ला झेंडा लावला तो पोलिश सैनिकांनी. त्यांचा गरुड डोक्यावर मुकुट घालतो आणि नखांत अर्धचंद्राकृती ढाल धरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या गरुडावर मुकुट दिसला की जर्मनांचं नाव सोडून द्यायचं. पोलिश दुसऱ्या कोअरच्या बाहीवर वॉर्साची जलपरी असे, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल घेतलेली. अशी जलपरी एखाद्या सातारकराच्या ट्रंकेत निघाली तर चकित होऊ नका. हे लोक एकाच आघाडीवर भारतीयांच्या शेजारी होते, आणि शेजारी सिगारेटच्या बदल्यात बिल्ले देतात.

इटलीच्या पहाडी दलाचा, आल्पिनींचा, गरुड टोपीवर बसतो तो रणशिंग आणि एकमेकींना छेदणाऱ्या बंदुकांच्या वर, आणि मध्ये रेजिमेंटचा आकडा असतो. लाल चौकोनात पिवळा, भौमितिक रेषांचा पक्षी असेल तर तो गरुडच नव्हे. तो थंडरबर्ड, अमेरिकेच्या ४५ व्या डिव्हिजनचं चिन्ह, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथांमधला मेघगर्जना करणारा पक्षी. ही डिव्हिजनही इटलीत होती. तिची खरी गंमत पुढे आहे. १९२० च्या दशकापासून तिच्या बाहीवर लाल चौकोनात पिवळं स्वस्तिक होतं, त्याच मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ घेतलेलं. जर्मनीत नाझी आल्यावर ते काढून टाकावं लागलं आणि १९३९ मध्ये त्याच जागी हा पक्षी आला.

आणि आपला? काळ्या कापडावर लाल गरुड म्हणजे चौथी भारतीय डिव्हिजन, आफ्रिका आणि इटलीत नाव कमावलेली. हा बिल्ला ‘परका’ म्हणून जपून ठेवलेला असतो, आणि तो आजोबांच्याच बाहीवरचा असतो. काळ्यावर लाल गोळा म्हणजे पाचवी डिव्हिजन, केरेनची. काळं मांजर म्हणजे १७ वी, ब्रह्मदेशातली. झुंजीचा कोंबडा म्हणजे २३ वी, जिच्यात मराठ्यांची ४/५ होती. ही चिन्हं मुद्दामच नाव-गाव न लिहिता चित्रात ठेवलेली होती, शत्रूला चटकन कळू नये म्हणून. आता ती नातवंडांनाही कळत नाहीत.

मराठी घरात स्वस्तिक दिसलं की हात आपोआप जोडले जातात, म्हणून त्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. आपल्या आणि नाझी स्वस्तिकात फरक दिशेचा, असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. नाझी चिन्हाचे हातही आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारखेच घड्याळाच्या दिशेने वळतात. फरक उभं राहण्यात आहे. आपलं स्वस्तिक पाटावर सपाट बसतं, बहुतेकदा चार ठिपक्यांसह. नाझी स्वस्तिक साधारणपणे पंचेचाळीस अंशांत कललेलं, टोकावर उभं असतं. १९३९ च्या आयर्न क्रॉस या जर्मन पदकाच्या मध्यभागी ते तसंच आहे. नातू शिकायला जर्मनीत असेल आणि हा बिल्ला तिथे कोणाला दाखवावा असं त्याला वाटत असेल, तर एक ध्यानात ठेवावं: तिथे हे चिन्ह उघडपणे मिरवणं फौजदारी गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षणासाठी सूट आहे, समाजमाध्यमांवर शेखी मिरवण्यासाठी नाही.

आयर्न क्रॉस हातात आला तर त्यावरचं साल वाचावं. हे पदक प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत सुरू केलं आणि पुढे मोठ्या युद्धांच्या वेळी ते पुन्हा जिवंत केलं गेलं. म्हणून पुढच्या बाजूला १८७०, १९१४ किंवा १९३९ असं साल असतं, पण दुसऱ्या वर्गाच्या पदकाच्या मागे १८१३ कायम असतं. मागची बाजू बघून ‘नेपोलियनच्या काळातलं’ म्हणून उड्या मारू नयेत. घरातल्या फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक त्याला लावून पाहा. अस्सल क्रॉस बहुधा तीन भागांचा असतो: मधला गाभा लोखंडाचा आणि भोवती चांदीची चौकट दोन बाजूंनी दाबलेली. मध्ये चुंबक चिकटतं, कडेला नाही. एकाच साच्यात ओतलेली नक्कल हे नाटक करू शकत नाही.

जर्मन खांद्यांवरच्या पट्ट्यांच्या कडेला एक बारीक रंगीत किनार असते. डोळे मिटून हात फिरवला तरी लागेल एवढी, पण सारी माहिती तिच्यात. पांढरी म्हणजे पायदळ. लाल म्हणजे तोफखाना. गुलाबी रणगाडे, काळी सुरुंग-पूल बांधणारे अभियंते, लिंबासारखी पिवळी तारायंत्रवाले, हिरवी पहाडी सैनिक. गुलाबी रंग रणगाड्यांना कोणी दिला असेल, असं वाटतं खरं, पण रणगाड्यांच्या काळ्या गणवेशावर तो उठून दिसतो आणि वाचायला सोपा जातो. पट्ट्याच्या बकलवरही वाचायला मिळतं. भूसेनेच्या बकलवर गरुडाभोवती ‘गॉट मिट उन्स’ म्हणजे ‘देव आमच्याबरोबर’ असं कोरलेलं असतं. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियाच्या बकलवर तेच शब्द, पण गरुडाऐवजी मुकुट. हवाई दलाच्या बकलवर उडता गरुड आणि शब्द एकही नाही.

इटालियन सैनिकाला ओळखायला एक छोटा पाच टोकांचा तारा पुरतो. १८७१ पासून इटलीच्या प्रत्येक सैनिकाच्या कॉलरवर, शिपायापासून जनरलपर्यंत, तो असतो आणि त्यात हुद्दा काहीच नाही. मुसोलिनीच्या काळ्या सदऱ्यांच्या दलाने मात्र ताऱ्याच्या जागी फासेस लावले, म्हणजे रोमन काळातली काठ्यांची मोळी आणि तिच्यातून डोकावणारी कुऱ्हाड. तारा की मोळी, यावरून राजाचा सैनिक की पक्षाचा हे समजतं. कडेला कोंबड्यासारख्या काळ्याभोर पिसांचा झुबका असेल तर ती बेर्साल्येरी दलाच्या टोपीवरची पिसं. आणि एखाद्या पदकावर किंवा वस्तूवर ‘ए. XIX’ असं रोमन अंकात दिसलं तर तो हुकूमशहाच्या कॅलेंडरचा आकडा आहे. मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस सत्तेवर आला आणि तिथून त्याने वर्ष मोजायला लावली. एकोणिसावं वर्ष म्हणजे १९४० च्या ऑक्टोबरअखेरीपासून १९४१ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नेमकं केरेनचं वर्ष. आपण शके सालात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसंच हे.

केरेनची आणखी एक वस्तू मला सर्वांत जास्त विचारात पाडते: लाल नमद्याची उंच टोपी, तिला रंगीत गोंडा, किंवा कमरेला गुंडाळायचा त्याच रंगाचा लांब पट्टा. हे इटालियन नाहीत, एरिट्रियन आहेत. इटलीच्या वसाहतीतून भरती केलेले आस्कारी. प्रत्येक बटालियनचा रंग वेगळा. तो गोंड्यात आणि पट्ट्यात दिसे, आणि मुंताझ, बुलुक-बाशी, शुम्बाशी असे त्यांचे हुद्दे तुर्की-अरबी वळणाचे. केरेनच्या कड्यावर ब्रिटिशांसाठी लढणारा मराठा आणि इटालियनांसाठी लढणारा एरिट्रियन समोरासमोर होते. दोघांचीही ती स्वतःची लढाई नव्हती. असा गोंडा आजोबांनी का उचलला असेल, हे बिल्ल्यांच्या कुठल्याही कोशात लिहिलेलं नाही.

तोब्रुकच्या कैद्यांची एक उपकथा इथे यायलाच हवी. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय सैनिकांमधून जर्मनीत ‘आझाद हिंद’ सेनादल उभं राहिलं, जर्मन सैन्याची ९५० वी रेजिमेंट म्हणून. त्यांच्या बाहीवर एक ढाल होती: केशरी, पांढरा, हिरवा, त्यावर झेपावणारा वाघ आणि वर जर्मन अक्षरांत ‘फ्राइस इंडियन’. त्याच अंगरख्यावर छातीला जर्मन गरुड. अशी ढाल घरात निघाली तर ती ‘लढाईत मिळालेली’ नसेल, ती अंगावर घातलेली असेल. युद्ध संपल्यावर अशा माणसांची चौकशी झाली, म्हणून घरोघर याबद्दल मौन पाळलं गेलं. हे मौन समजून घेऊनच पुढचे प्रश्न विचारावेत.

पूर्वेकडे वळलं की भारतीय डोळ्यांची पुरती फजिती होते. लाल कापडाची छोटी आयताकृती पट्टी आणि तिच्यावर तीन सोनेरी तारे. आपल्याकडे तीन तारे म्हणजे कॅप्टन. जपानी सैन्यात तीन साध्या ताऱ्यांचा माणूस वरच्या दर्जाचा शिपाई. कारण तिथे ताऱ्यांपेक्षा मधली रेघ मोलाची. एक तारा, दोन तारे, तीन तारे हे सगळे शिपाईच. मग पट्टीच्या मध्यातून पिवळी रेघ येते आणि ताऱ्यांची मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, तो नायकवर्ग. म्हणजे एका ताऱ्याचा नायक तीन ताऱ्यांच्या शिपायापेक्षा वरचा. ‘आजोबांनी जपानी कॅप्टनला पकडलं’ ही घरातली गोष्ट या एका रेघेअभावी जन्माला आलेली असू शकते. पट्टी कॉलरवरची आहे की खांद्यावरची, हेही पाहावं. १९३८ मध्ये जपान्यांनी हुद्द्याची चिन्हं खांद्यावरून कॉलरवर आणली. तारा भूसेनेचा, नांगर आणि चेरीचं फूल दिसलं तर आरमार.

जपानी वस्तूंवर चिनी अक्षरांत काळ लिहिलेला असेल तर तो बहुधा सम्राटाच्या राजवटीच्या वर्षांत असतो. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन. शोवा १९ म्हणजे १९४४, इंफाळच्या लढाईचं वर्ष.

आणि मग तो रेशमी किंवा सुती झेंडा. मध्ये लाल सूर्य, भोवती शाईने काढलेली अक्षरं किरणांसारखी पसरलेली. भारतीय घरांत तो ‘जपानचा झेंडा’ म्हणून घडी घालून ठेवलेला असतो. तो सैन्याचा नाही. गावातला मुलगा लढाईला निघाला की घरचे, शेजारी, शाळामास्तर, कारखान्यातले सोबती त्यावर सह्या करत, आणि माथ्यावर आडवी चार मोठी अक्षरं लिहीत, उजवीकडून डावीकडे: ‘युद्धातलं भाग्य दीर्घकाळ टिको.’ कुठे देवळाचा लाल शिक्का. मुलगा तो घडी करून अंगावर बाळगे. बरोबर कधी कमरपट्टा असतो, त्यावर लाल धाग्याच्या हजार गाठी. मुलाची आई किंवा बायको रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून एकेक गाठ मारून घेई. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र तिच्या वयाइतक्या गाठी मारण्याची मुभा होती, कारण वाघ दूर जातो आणि परत येतो अशी समजूत. या वस्तू ओळखण्याच्या खटाटोपात भाषांतरकाराची मदत घ्यावी. झेंड्यावर नावं असतात, आणि कधी कधी गावही. अमेरिकेतली ओबॉन सोसायटी असे झेंडे जपानमधल्या वारसांपर्यंत पोहोचवण्याचंच काम करते.

पहिल्या महायुद्धाकडे धावती नजर टाकू. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले आणि परत आले नाहीत. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होत्या. तिथल्या कुत शहराला तुर्की सैन्याने घातलेला वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिथली सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे लाल मिन्याचा पाच टोकांचा तारा, मध्ये चंद्रकोर आणि सुलतानाची गुंतागुंतीची सही, तुघरा. खाली हिजरी १३३३, म्हणजे १९१५. ब्रिटिशांनी त्याला ‘गॅलिपोली स्टार’ असं नाव पाडलं, म्हणून त्याच्या मालकाने गॅलिपोलीत लढाई केली असं बरेच लोक समजतात. तो तुर्की सैन्यात सगळ्या आघाड्यांवर दिला जाई. बगदादच्या वाटेवरून आलेला आजोबांचा तारा बगदादच्या वाटेवरचाच असू शकतो.

परीक्षा करताना पुढची बाजू शेवटी बघावी, मागची आधी. ब्रिटिश पद्धतीच्या बिल्ल्याला मागे दोन कड्या आणि त्यांतून जाणारी पितळी पिन असते, नाहीतर एकच लांब सरकती जीभ. जर्मन टोपीच्या गरुडाला वाकवायच्या नाजूक पट्ट्या. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत जर्मनांकडे चांगला धातू उरला नाही, म्हणून तेव्हाचे बिल्ले जस्ताचे, वर मुलामा दिलेले. तो उडून ते राखाडी, भुरभुरीत दिसतात. कळाहीन दिसणं हाच कित्येकदा त्यांच्या खरेपणाचा पुरावा असतो. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत चिंच, लिंबू, पितांबरी यांच्यापासून या वस्तू दूर ठेवा. एकदा चकचकीत केलेला बिल्ला पुन्हा जुना होत नाही. कापडी बिल्ल्यांसाठी एक सोपी युक्ती आहे: नोटा तपासायचा अतिनील दिवा. युद्धानंतरच्या धाग्यांत आणि रंगांत चमक आणणारी रसायनं असतात, ती या प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. युद्धकाळातला धागा मंद राहतो. पण आजीने तो अंगरखा पुढे कधी डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर अस्सल कापडही पेटतं. तेव्हा दिव्यावर पूर्ण भरवसा टाकू नये. खरा भरवसा वस्तू घरातून कधीच बाहेर न गेल्याच्या इतिहासावर असतो. चोरबाजारातून आणलेला तोच बिल्ला आणि ट्रंकेतून निघालेला तोच बिल्ला यांची किंमत एक नव्हे.

एक वस्तू मात्र बिल्ल्यांच्या रांगेत बसत नाही. लंबगोल, जस्ताची किंवा अल्युमिनियमची, चार बोटांएवढी रुंद, मध्ये आडवी छिद्रं पाडलेली. जर्मन सैनिकाची ओळखपट्टी. दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर: तुकडीचं संक्षिप्त नाव, एक क्रमांक, रक्तगट. नाव नाही. सैनिक मेला की छिद्रांवरून पट्टी मोडायची. दोन छिद्रांचा दोरीवाला वरचा भाग शवाबरोबर राहायचा आणि एक छिद्र असलेला खालचा भाग अहवालासोबत वर जायचा. क्रमांकावरून नाव शोधायची यादी बर्लिनमधल्या एका कचेरीत. तुकडीच्या नावात ‘एर्स’ ही अक्षरं दिसली तर गोंधळ नको: ती भरती झाल्यावरची प्रशिक्षण तुकडी, जिथे त्याला पट्टी मिळाली; लढला तो वेगळ्याच ठिकाणी. आता प्रश्न असा की ट्रंकेत पट्टी अखंड का आहे? मालक जिवंत असताना, कैदी म्हणून, दिली किंवा काढून घेतली असेल तर बरं. पण ती मृताच्या गळ्यातून आलेली असेल, तर त्या देहाला ओळखणारी एकमेव गोष्ट तेव्हाच त्याच्यापासून दूर गेली. तो माणूस कदाचित आजही ‘अज्ञात’ म्हणून पुरलेला असेल.

बर्लिनमधली ती कचेरी २०१९ पासून जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचा भाग आहे आणि अशा पट्ट्यांवरच्या अक्षरांची चौकशी अजून घेते. जर्मन युद्धकबरी संस्था युरोपभर मृतांचा शोध अजून चालू ठेवते. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये यशवंत घाडगेंच्या नावाचं स्मारक उभारलं. म्हणजे आठवण ठेवणारे त्या बाजूलाही आहेत. तुमच्या घरी अशी अखंड पट्टी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचा, तिरक्या उजेडात घेतलेला स्पष्ट फोटो बर्लिनच्या त्या कचेरीला पाठवा. मूळ पट्टी कोणी मागितल्याशिवाय टपालाने पाठवू नका. सोबत आजोबांची पलटण, बटालियन आणि ती त्या काळी कुठे होती, एवढं लिहा. आजी किंवा आत्या हयात असेल तर आजच तिच्याशेजारी बसून वस्तू तिच्या हातात द्या, आणि ती बोलेल ते तारखेसह लिहून बिल्ल्याबरोबरच ठेवा. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पुढे विचारायला तोच कागद लागेल.